‘विकतचा’ हा शेरा खोडण्याबाबत

मी, कालिंदी केशव सिल्लोडकर, वय सहासष्ट, अविवाहित, निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. कुणाचा धाक नाही, दडपण नाही. बुद्धी शाबूत आहे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत आणि मंगळवारी बायपास आहे, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी स्वतःच फाडली. ती रद्द समजावीत.

कलम १. उस्मानपुऱ्यातला फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. तो माझ्या पश्चात भाची मनस्विनी हिला मिळावा. ठेवीही तिच्याच. तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू शंतनू, यांचा कशावरही हक्क नाही. ‘आमची ताई शाळेत सुतारकी शिकवते’ असे सांगून ते तीस वर्षे चारचौघांत हसले. त्यांना माझा लोखंडी गुण्या द्यावा. काटकोन कसा असतो हे बघायला उपयोगी पडेल.

कलम २. करवती, रंधे, पटाश्या आणि शिकंजा शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी द्यावेत. अट एकच. मुख्याध्यापकांनी ते काचेच्या कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवू नयेत. बोट कापेल म्हणून घाबरणाऱ्या पालकांना सांगावे, की एकतीस वर्षांत माझ्या वर्गात मलमपट्टीपलीकडे काही लागले नाही.

पुढचे कलम लिहायला बसले आणि दोनदा उठले. घासलेले पातेले पुन्हा घासले. डॉक्टर म्हणतात स्वस्थ बसा. स्वस्थ बसता आले असते तर ही वेळच आली नसती.

कलम ३. सन २०११, इयत्ता सातवी ब. मी प्रकल्प दिला होता: घरातल्या एका माणसाची अडचण शोधा आणि त्यावर वस्तू बनवा. शाळेसमोरच्या दुकानात तेव्हा तयार प्रकल्प मिळायचे. थर्माकोलची पवनचक्की घ्या, नाव टाका, झाले काम. त्या दुकानावर माझा भारी दात होता आणि मी चोर पकडायला टपलेली असे. सुलेखा बन्सी साळवे या मुलीने लाकडी पाट आणला. कांदा खोचून ठेवायला दोन उभे खिळे, कडेला बिजागरीवर बसवलेली रुंद मुठीची सुरी. कडा अशा घासलेल्या, की माझाही हात तेवढा सफाईदार नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुमच्या घरी असलं काम कोण करणार?’

‘तुमच्या घरी’ म्हणजे काय, ते वर्गाला बरोबर कळले. मी पाट नीट पाहण्याआधी आडनाव पाहिले होते. रजिस्टरमध्ये लाल शाईने ‘विकतचा’ असा शेरा मारला, शून्य गुण दिले आणि पाट कपाटात जप्त केला.

तिसऱ्या दिवशी तिची आई मनकर्णाबाई शाळेत आली. उजवा हात पदराखाली होता.

‘बाई, त्यो पाट माझा हाय. पोरीनं माझ्यासाठी केलाय. मला रोज लागतोय.’

मला वाटले, मार्क वाढवून घ्यायला आली. ‘निकालानंतर बघू,’ म्हणून मी तिला वाटेला लावले.

निवृत्तीच्या दिवशी, २०१७ साली, कपाट रिकामे केले. पाट उलटा करून बघायचे मला सहा वर्षांत सुचले नव्हते. खालच्या बाजूला पेन्सिलीने एका हाताची कड गिरवलेली होती. तीनच बोटे, आणि शेजारी मुठीचे माप. मनकर्णाबाईंची दोन बोटे कारखान्यात प्रेसखाली गेली होती. ‘आधी माणूस मोजा, मग लाकूड कापा,’ हे मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेत असे. ते या एकाच मुलीने ऐकले होते.

त्यानंतर आठ वर्षे तो पाट माझ्या पलंगाखाली होता. तोंड दाखवायची लाज वाटत होती. बायपास ठरली तेव्हा कुठे पाय हलले. मागच्या महिन्यात पडेगावला त्यांचे घर शोधून काढले. सुलेखा आता बँकेत कारकून आहे. त्या दिवसानंतर तिने करवत हातात धरलेली नाही. मी पाट परत केला आणि सगळी हत्यारे तुझ्या नावाने करते म्हणाले.

‘हत्यारं घेऊन आता काय करू, बाई?’ ती म्हणाली. ‘रजिस्टरमधला शेरा तेवढा खोडा.’

शाळेत जाऊन विचारले. ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेले आहे.

म्हणून इथे खोडते. तो पाट सुलेखा बन्सी साळवे, सातवी ब, हिने स्वतःच्या हाताने बनवला. तो विकतचा नव्हता. गुण पन्नासपैकी पन्नास. चूक माझी होती. घाईत झालेली नाही, जातीच्या घमेंडीत झालेली. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, पण हे कलम तोवर थांबणार नाही. उद्या सकाळी याची प्रत शाळेच्या फलकावर मी स्वतः लावणार आहे. जिने चढायला मनाई आहे, तरी चढणार आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २० जुलै २०२५

कालिंदी केशव सिल्लोडकर

साक्षीदार १: श्रीरंग देशपांडे, शेजारी.

साक्षीदार २: मनकर्णाबाई बन्सी साळवे, पडेगाव. बोलावल्यावर आल्या, पाणी घेतले नाही, कलम तीन दोनदा वाचून घेतले. सही करण्याआधी त्यांनी खालचा मजकूर त्यांच्याच शब्दांत लिहायला लावला:

‘बाईनं सही माझ्या डोळ्यादेखत केली, तेवढं खरं हाय. म्या माफ केलं, असं ह्यात कुणी धरू नये.’