एका हाताची तीन बेटं

३ जून, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून शिस्त.
'बेटांचं राज्य' हा खेळ मी ऑनलाइन सहा वर्षं खेळतोय. आता माझी तीन बेटं आहेत, म्हणजे तीन अकाउंट. पहिलं 'वज्रमूठ', हे लढतं. दुसरं 'निष्पाप', हे मेंढ्या पाळतं आणि सगळी लोकर वज्रमुठीला भेट पाठवतं. तिसरं 'गुपचूप', हे नुसतं लोकांच्या बेटांवर नजर ठेवतं. तिघांचा मिळून एक ताफा. ताफ्याचा सरखेल मी. निवड एकमतानं झाली.
कंपनीची नोटीस आली आहे. एका माणसानं कितीही अकाउंट काढावेत, पण एक अकाउंट एकाच हातानं चालवायचं. दुसऱ्याच्या हातात दिलं की बंद. स्क्रीनवर बोटं कशी फिरतात त्यावरून त्यांना हात बदललेला कळतो म्हणे. अगदी योग्य नियम. असल्या लोकांनीच खेळ नासवलाय. आपल्याला काय, कर नाही त्याला डर कशाला.
ध्येय: ३० तारखेची महालढाई जिंकणे.
पासवर्ड कुठेही लिहायचा नाही. इथेही लिहीत नाही. एवढंच की तिन्हींचा एकच आहे आणि तो बायकोची जन्मतारीख आहे.

४ जून
वेळापत्रक केलं. वज्रमूठ माझ्या फोनवर, निष्पाप टॅबवर, गुपचूप बायकोच्या जुन्या फोनवर. दिवसाला नऊ अलार्म. बायकोनं विचारलं, घर आहे की फायर ब्रिगेड. ऐकून घेतलं. सरखेलाला संयम हवा.

५ जून. दुपारी
आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तक्रारीच्या फोनवर असतो. आज एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. मी त्यांना अत्यंत शांत आवाजात धीर दिला आणि सांगितलं की जहाज सात मिनिटांत पोहोचेल.
त्यांनी विचारलं, कुठलं जहाज.
साहेब मागेच उभे होते. मेकॅनिक सुटका करून आला तेव्हा म्हणाला की बाई बाहेर पडल्यावर घाबरलेल्या नव्हत्या, फक्त इकडेतिकडे बघत होत्या.

८ जून, शनिवार
सासरे आमच्याकडे राहायला आले. खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी उठून चालायला सांगितलंय, ते उठत नाहीत. आयुष्यभर मोजणी खात्यात होते, रानोमाळ साखळी घेऊन फिरले, आणि आता पलंगापासून दारापर्यंत जायचा कंटाळा. बायको काळजीत. हॉलमधला पलंग त्यांना दिला. टॅबचा चार्जर नेमका त्याच पलंगाच्या उशाशी. या घरात माझ्या अडचणींचा विचार कुणी करत नाही.

११ जून
साहेबांनी दहा ते एक मीटिंग लावली. वज्रमुठीवर साडेअकराला हल्ला होणार होता. फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावले. इलाज नव्हता. आधीच बायकोला फोन करून सांगितलं की अकरा वाजता घरच्या लॅपटॉपवर वज्रमूठ उघड आणि तटाचं बटण एकदा दाब. एकदाच.
हे शेअरिंग नव्हे. शेजाऱ्याला नळ बंद करायला सांगतो, म्हणून काय आपण घर शेअर करतो?
दहाला पाच कमी असताना तिचा उलटा फोन. जन्मतारीख घालून उघडत नाही म्हणाली. मी म्हटलं नीट घाल, चौदा. ती म्हणाली, "अहो, मी सोळाची."
संध्याकाळी कळलं की गेली अकरा वर्षं मी चौदाला शुभेच्छा देतोय. तिला वाटायचं, याला दोन दिवसही दम धरवत नाही. तेवढ्यावर ती खूश होती.
तट मात्र तिनं वेळेवर उभा केला.

१३ जून
बायको बोलत नाही. वज्रमूठ मात्र चालवते. रोज अकराला तटाचं बटण, हे आता तिच्याकडे राहील असं ठरलं. कुणी ठरवलं ते नीट आठवत नाही. हे शेअरिंग नव्हे, ही राखण.

१५ जून. सायंकाळी
ऑफिसातून आलो तर टॅब सासऱ्यांच्या पोटावर. त्यांनी निष्पापच्या मेंढ्यांची कुरणं नव्याने आखली होती. मी कुरणं तिरपी काढल्यामुळे प्रत्येकात दोन मेंढ्यांची जागा वाया जात होती, असं त्यांनी मला अर्धा तास समजावलं. जावईबापू, हद्द सरळ नसली की भांडणं होतात, असंही म्हणाले. पासवर्ड विचारायचं कारणच नव्हतं, मीच उघडं ठेवलं होतं.
टॅब काढून घेणार होतो. पण ते उठून बसले होते. आठ दिवसांत पहिल्यांदा. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि माझ्याकडे बघून किंचित हसली. चौदा-सोळानंतर पहिल्यांदा.
टॅब राहू दिला. हे शेअरिंग नव्हे, ही फिजिओथेरपी.

१८ जून
गुपचूपचा फोन ऑफिसात नेला होता. साहेब फेरीला निघाले म्हणून खेळ उघडा असतानाच पटकन मेकॅनिकच्या बॅगेत टाकला. तो चार इमारतींच्या लिफ्ट बघायला गेला. परतला तो अकरा शत्रूंच्या जहाजांच्या वेळा कागदावर लिहूनच. म्हणाला, सगळ्यांचं लिफ्टसारखंच असतं, कुठे अडकणार हे आवाजावरून कळतं. या खेळात मी आवाज बंद ठेवतो. सहा वर्षं.
फोन परत मागितला. उद्या देतो म्हणाला.

२१ जून
ताफा एकशेचाळीसाव्या क्रमांकावरून नवव्यावर. माझं नेतृत्व फळाला येतंय. मोठा सरखेल स्वतः वल्ही मारत नाही, माणसं पारखतो.
अर्थात तिन्ही अकाउंट माझेच आहेत. ऑफिसातून परतल्यावर रोज तिन्हींत पाच-पाच मिनिटं जातो, हात फिरवतो. आज निष्पापची काही कुरणं पुन्हा तिरपी केली. मालक कोण हे दिसायला हवं. सासऱ्यांनी जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही.

२३ जून
मी पाठवलेली वज्रमुठीची सहा जहाजं खडकावर फुटली. बायकोनं शांतपणे विचारलं की भरती-ओहोटीचा तक्ता आपण बघता का. मी म्हटलं, असा काही तक्ता नाहीये. तिनं उघडून दाखवला. मुख्य पानावरच होता.

२४ जून
आमच्या पुढे 'काळी खाडी' नावाचा ताफा आहे. एवढं चांगलं एकटा माणूस खेळूच शकत नाही. नक्की घरभर अकाउंट वाटलेत. मी कंपनीकडे रीतसर तक्रार केली, दीड पानाची. प्रामाणिक खेळाडूंनी गप्प बसू नये. उत्तर आलं की तपास होईल, पण नियमाप्रमाणे तक्रारदाराच्या ताफ्याचाही होईल. जरूर करा, असं कळवलं. मोठ्या अक्षरांत.

२७ जून, गुरुवार. सकाळी ८.१०
कंपनीचं पत्र. काळी खाडीत काही गैर आढळलं नाही. आमच्याबद्दलचं जसंच्या तसं उतरवतो, कारण पुन्हा वाचवत नाही.
"आपल्या ताफ्यातील तिन्ही अकाउंट तीन निरनिराळे नियमित खेळाडू उत्तम रीतीने चालवत आहेत. मात्र या तिन्हींत संध्याकाळच्या सुमारास एक चौथा, अननुभवी हात शिरतो आणि नुकसान करतो. हा हात आम्ही कायमचा बंद केला आहे. नियमित खेळाडूंनी कृपया पासवर्ड बदलावा."

त्याच दिवशी. सायंकाळी
अपील केलं. सहा वर्षांचा मालक आहे असं लिहिलं. त्यांनी पुराव्यासाठी दहा मिनिटं खेळून दाखवायला सांगितलं. दाखवलं. उत्तर लगेच आलं: बंद केलेला हात हाच, खात्री करून दिल्याबद्दल आभार.
तिघांनीही पासवर्ड बदललेत. मेकॅनिकनं फोनवर दिलगिरी व्यक्त केली. बायकोला मी एकांतात विचारलं. म्हटलं, निदान तुझा तरी सांग, मी नुसता बघेन. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही बघताना बोट लावता."

३० जून, रविवार. सायंकाळी ६.३०
महालढाई झाली. मेकॅनिक आमच्याकडेच आला होता. तिघं हॉलमध्ये, मी खुर्चीत. दोनदा सल्ला दिला. दुसऱ्यांदा सासरे म्हणाले, जावईबापू, जरा चहा टाकता का.
चहा घेऊन आलो तर आरडाओरडा चाललेला. जिंकले. काळी खाडी दुसरी. सासरे उभे होते. काठी पलंगाला टेकलेली आणि ते खिडकीपाशी, दोन्ही हात वर. पलंग ते खिडकी किमान सात पावलं. बायको रडत होती आणि हसत होती. मी ट्रे तोंडासमोर उंच धरला. वाफेमुळे कुणाला काही दिसलं नसावं.
चहा तीनच कप केला होता. घरातल्या तिघांच्या सवयीनं. माझाच राहिला.

१ जुलै, सोमवार. सकाळी ७.४०
नव्याने सुरुवात. एकच अकाउंट, एकच हात. बंद हातावर कायमची बंदी असल्यामुळे डाव्या हातानं खेळतोय. 'वज्रमूठ' हे नाव मिळालं नाही, 'वज्रमूठ ४१२' मिळालं. एक झोपडी, एक मेंढी. मेंढी सापडत नाहीये.
ताफ्यात घ्या म्हणून अर्ज पाठवला. बायको शेजारीच बसली होती. तिचा फोन वाजला. तिनं अर्ज वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला, आणि पलंगाकडे बघून विचारलं, "बाबा, एक नवीन माणूस यायचं म्हणतोय. घ्यायचा का?"
सासऱ्यांनी टॅबवरून नजर न उचलता विचारलं, अनुभव किती.
ती माझ्याकडे न बघता म्हणाली की एक दिवस.