साबणाच्या खोलीतला वजनकाटा

शालन आणि मी मागच्या दारी पायरीवर बसून पहिला साबण दोऱ्याने कापला, त्याला एकोणीस वर्षे झाली. वड्या वाकड्या आल्या, त्यांना मिरचीभज्यांचा वास होता, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पण माझी बुद्धी शाबूत आहे याला मला ही आठवण पुरते. मी, रेणुका श्रीपती केदारी, वय सदुसष्ट, राहणार तुंगार्ली, लोणावळा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा पवन याला. मागची साबणाची खोली त्यात धरू नये. या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था त्यानेच करावी.

२. दीर अंबाजी यांना काही नाही. ‘तळणीच्या तेलाची बाई’ हे नाव त्यांनी मला घरच्या एका लग्नात भर मांडवात दिले होते. ते मी त्यांना परत करते.

३. हे कलम पवनने नीट वाचावे. वडिवळ्याची शालन भिमाजी ओव्हाळ माझ्याबरोबर बारा वर्षे होती. वडेवाल्यांकडून जळके तेल आणणे, गाळणे, घोटणे हे तिचे काम. काटा आणि वही माझ्याकडे, कारण शिकलेली मी. साबणात घालायचा कॉस्टिक सोडा तेलाच्या वजनावर ठरतो. जास्त पडला तर साबण हात जाळतो. एका पावसाळ्यात बंगल्यांची मोठी मागणी आली. त्या साबणाने भांडी घासणाऱ्या अंबूबाईचे दोन्ही तळवे सोलले. चार बायकांसमोर मी म्हणाले, शालनने तेल नीट गाळले नाही. ती एवढेच बोलली, "ताई, काटा तुमच्याच हातात व्हता." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

तीन वर्षांनी वही चाळताना माझ्याच अक्षरात सापडले: तेल चुऱ्यासकट दहा किलो, गाळून साडेआठ. कॉस्टिक मी दहा किलोच्या हिशेबाने घातला होता. घाईत होते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला चूक कबूल करायला शिकवले आणि वळणदार अक्षर काढायला. मी अक्षर तेवढे शिकले.

शालन आता कामशेतला तांदळाच्या दुकानात निवडायला बसते. सांगायचे ठरवून मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने "बरं हाय ना, ताई?" विचारले आणि मी तांदूळ घेऊन परतले.

४. अंबूबाईला माझी शिलाई मशीन द्यावी आणि चूक कोणाची होती ते सांगावे.

५. साबणाची खोली, साचे व सुकवायच्या फळ्या शालनला. वहीचे ते पान तेव्हाच्या चारही बायकांना दाखवावे, शालन समोर असताना.

६. वजनकाटा पवनने स्वतः कामशेतला न्यावा. तिच्याशी अहोजाहो बोलावे. काटा दुकानाच्या फळीवर ठेवून येऊ नये, तिच्या हातात द्यावा. तिने घेतला नाही तर वाद न घालता खोलीत आणून ठेवावा, आणि खोलीची किल्ली मात्र तिलाच द्यावी.

सही: रेणुका श्रीपती केदारी

आमच्यादेखत सही केली. साक्षीदार:
१. सोपान दत्तोबा गरुड, परंदवडी
२. कोमल संदेश शिंदे, लोणावळा

लोणावळा, ९ फेब्रुवारी २०२५