डावी टाच

पलूस, गुरुवार, संध्याकाळचे सात

आज गल्लीतल्या संपतला मीच हौसेनं संगणकापुढं बसवलं. शेतीच्या व्हिडिओ गेमला मी जोडलेला मॉड, म्हणजे माझी पदरची भर, दाखवायचा होता ना! पडद्याच्या कोपऱ्यात एक माणूस चालत राहतो. त्याचा फेटा, मिशा, सदरा, सगळं हवं तसं बदलता येतं. कुणाकडं न शिकता केलंय, हेही दोनदा ऐकवलं.

त्यानं फेटा भगवा केला, मिशा वाढवल्या, हसला. मग पडद्याजवळ वाकला. तो माणूस डावी टाच घासत चालत होता.

"ही माझी चाल न्हवं?"

व्हय म्हणालो. फौजेतून जखमी होऊन आल्यापासून संपत असाच चालतो. महिनाभर खिडकीतून बघून बघून मी ती टाच उतरवली. खेळणारी पोरं त्या चालीला हसतात, 'अगदी खरी' म्हणतात, आणि मी खूश! काय माणूस आहे मी?

"लय बारीक बघितलंस गड्या. सगळं बदलता येतं म्हणतोस, मग हे लंगडणं बंद करायचं बटण कुठं हाय?"

नव्हतं. सुचलंच नव्हतं.

चहा न घेता गेला. टाच घासल्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला.

आता बटण केलंय, दहा मिनिटांत झालं. पण ते दाबल्यावर पडद्यावरच्या माणसाला सरळ चालवू कसा? शाळेला दहा वर्षं आम्ही बरोबर चालत गेलो, आणि संपतची तेव्हाची चाल मला आठवत नाही. टाच तेवढी आठवते.