दुपारची नीरा

शनिवार पेठ, पुणे
११ मार्च २००६

रझी,

आधी आदाब, मग नमस्कार. दोन्ही घे, कमी पडायला नको.

इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण सुनेपेक्षा कमीच. काल स्वारगेटला नीरा केंद्रावर थांबले आणि उभ्या उभ्या दोन ग्लास प्यायले. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून हे फक्त तुला सांगतेय.

आठवतंय का गं, इंटरच्या वर्षीचा आपला पराक्रम? नाही, विचारत नाही. मीच सांगते.

घरी सांगितलं, कॉलेजात प्रॅक्टिकल आहे, आणि दोघीच निघालो खडकवासल्याला. सोबत थोरलं माणूस नाही, म्हणजे तेव्हा केवढं बंड. केंद्रावरचे दिगंबरकाका म्हणाले, "नीरा इथंच प्यायची, न्यायची नाही." तू एवढंसं तोंड करून म्हणालीस, "आजी अंथरुणाला खिळलीय हो." तुझी आजी त्या वेळी गच्चीवर पापड वाळत घालत होती. काकांनी बिचाऱ्यांनी किटली भरून दिली.

धरणापाशी पोचून ती उघडली भर दुपारी. सकाळची गोड नीरा उन्हात तापली की तिची ताडी होते, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आणि म्हणे विज्ञानाच्या विद्यार्थिनी. "जरा आंबट लागतेय," तू म्हणालीस, "पण झकास आहे." किटली रिकामी झाली. मग तू एका म्हशीसमोर उभी राहून दारूबंदीवर भाषण ठोकलंस आणि मी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "हसण्याचं वेगळं तिकीट नाही. पण बसून हसा."

तुमच्या दारात तुझे अब्बा उभे. माझी तर पाचावर धारण बसली. शमशुद्दीनचाचांच्या घरात असलं काही थेंबभर चालायचं नाही. त्यांना वास आला, हे दिसत होतं. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बेटी, नीरा सकाळी प्यावी." पुढच्या रविवारी पहाटे ते स्वतःच आपल्याला केंद्रावर घेऊन गेले. माझ्या वडिलांपाशी मात्र कधी अवाक्षर काढलं नाही. किती चांगला माणूस होता गं.

आता खरं लिहिते. मंगळवारी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "आपण कोण बोलताय?" मी नाव सांगितलं. तू अगदी अदबीनं विचारलंस, "कोणाकडे काम होतं?" फोन ठेवला आणि मी रडले. नंतर हमीदानं सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. सोलापूरला लेक तुला फुलासारखं जपतेय, त्याची काळजी नाही. पण त्या दुपारच्या आपण दोघीच आहोत. तू विसरलीस तर मी कुणाबरोबर हसू? मला भीती वाटते, रझी.

हमीदा, हे अम्मीला एकदा वाचून दाखव. हसली तर उत्तमच. नाही हसली तर "आठव, आठव" म्हणून तिच्या मागे लागू नकोस बाळा.

रझी, मी शुक्रवारी येतेय, चार दिवस राहीन. ओळखलं नाहीस तर बिचकू नकोस. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी तुझ्या बाकापाशी अनोळखीच उभी राहिले होते. तू नावगाव न विचारता सरकून जागा दिलीस. आताही तेवढंच कर.

तुला ठाऊक असो वा नसो,
तुझीच
उल्का