परत आलेला डबा

१० मे २००५, आखन, जर्मनी

चहाचा डबा कचऱ्यात टाकला. मग परत काढला. चहा फेकला, डबा घासून ठेवला.

आज केरूबोनं सांगितलं. तळघरात, धुण्याच्या मशीनपाशी. वरच्या मजल्यावरची केरूबो, केनियाची, तीन वर्षांपासूनची शेजारीण. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या मोराआला आजोळी घेऊन गेली, तिथं आजीनं पोरीची सुंता करवली. मुलीची! अकरा वर्षांची होती. त्याशिवाय त्यांच्यात मुलगी बाई होत नाही म्हणे. अभ्र्यांच्या घड्या घालत सांगत होती. "मी दाराबाहेर उभी होते. अडवलं नाही."

मी काय तोंडानं बोलणार? जावं की नाही म्हणून ती घुटमळत होती तेव्हा मीच म्हणाले होते — मुलींना आजोळ हवंच, संस्कार तिथंच होतात. धाकट्या न्याबोकेला महिनाभर मीच सांभाळलं. वर आजीसाठी बेसनाचे लाडू दिले. डबा रिकामा परत देऊ नये, हेही मीच शिकवलेलं. म्हणून तो चहा भरून आला, आजीच्या मळ्यातला. तेव्हापासून चवीनं पीत आलेय.

१२ मे

मोराआ सप्टेंबरपासून सायकलवर बसत नाही. तेव्हा नवऱ्याला, प्रतापला म्हटलं होतं, पोर शहाणी झाली हो. शहाणी!

२१ मे

आजी दर रविवारी फोन करते. यंदा धाकटीला आणा. न्याबोके नऊ वर्षांची आहे.

केरूबोचं चाललंय ते असं: ती आणि तिच्याकडच्या चार बायका मिळून इथंच समारंभ करणार. आठवडाभर मुलींना जवळ बसवून सगळं सांगायचं, शिकवायचं, मग जेवण, गाणी, भेटी. सुरी नाही. तिकडच्या काही गावांत असं सुरू झालंय म्हणे. आजीला फोटो पाठवायचे — बघ, झाली बाई.

मला विचारलं, तुमच्यात काय करतात? सांगलीचं मखर आठवलं. तेरावं वर्ष, न्हाण आलं, हिरवी साडी नेसवून पाच दिवस मखरात बसवलं. अख्खी गल्ली बघून गेली. वसुधाकाकू गाणी म्हणत होती आणि मी शरमेनं मेले. माझ्या लेकीला, स्पृहाला, हे कधी करणार नाही अशी शपथ घेतली होती.

केरूबो ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि कापत नाहीत?"

"नाही. ओटी भरतात."

"मग ते मला दे."

११ जून

फ्रिजच्या खोक्याचं मखर. स्पृहा बघून म्हणाली, पाइन्लिश! लाजिरवाणं. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. मग तीच दोन तास सोनेरी कागद कापत बसली.

प्रताप म्हणतो, युगेंडआम्टला कळव, मुलांची काळजी घेणारं सरकारी खातं आहे, बघून घेतील. बघतील काय — मुली उचलून नेतील, केरूबो कोर्टात. त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय. पाणी प्यायला गेलं की दिसतो.

२५ जून

झालं. चर्चचा हॉल. न्याबोके माझ्या हिरव्या साडीत, नुसती हसत होती. प्रत्येक बाईनं तिच्या कानात एकेक गोष्ट सांगितली. मी ओटी भरली — तांदूळ, नारळ, खण. जेवणाला लाडू नेले होते, त्याच डब्यातून; उरलेले डब्यासकट केरूबोकडे गेले.

मोराआ भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासाठीही नारळ आणला होता. हाक मारली, ये, तूही बस.

"मला कशाला? माझं झालंय," ती म्हणाली.

हळू, जर्मनमध्ये. नारळ माझ्या हातात तसाच.

२९ जून

आजीला फोटो मान्य नाहीत. नाटक म्हणाली. केरूबोचा नवराही तिच्याच बाजूचा, स्वतःच्या सासूच्या! त्यानं चौघांची तिकिटं काढली, आठ तारखेची. जिन्यात भेटली तेव्हा केरूबोनं एवढंच सांगितलं आणि वर गेली. आता दार उघडत नाही.

नंबर फिरवला. पलीकडून हॅलो आलं, ठेवून दिला.

३ जुलै

वर बॅगा ओढल्याचे आवाज. गेल्या वर्षीही ऐकले होते. तेव्हा मजेत म्हटलं होतं, निघाली वाटतं पाहुणी.

मी भित्री आहे. हे इथं लिहायला काय जातंय.

उद्या सकाळी फोन करणार. यावेळी ठेवणार नाही.

४ जुलै

नाही केला.

५ जुलै

सकाळी बेल. केरूबो, हातात माझा डबा. "रिकामा नाही," म्हणाली. नवऱ्याला हरवले म्हणून सांगणार आहे. मला काही विचारू दिलं नाही, वर गेली.

डब्यात दोन पासपोर्ट. मोराआच्या पासपोर्टवर नैरोबीचा शिक्का, २५ जुलै २००४. न्याबोकेचा कोरा आहे.