बंद कॉम्प्लेक्सची राखण

रविवार, ७ डिसेंबर

पकडला! दिवसपाळीच्या देवरावला आज खुर्चीतच पकडलं.

जरीपटक्यातला हा पाच मजली कॉम्प्लेक्स नऊ वर्षं बंद पडलाय. मालक भावाभावांची कोर्टकचेरी, म्हणून विकताही येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. राखायला आमची एजन्सी. दर मजल्यावर एक स्टिकर. गार्डने दिवसातून दोनदा वर जायचं, मोबाईलने तो स्कॅन करायचा, की ॲपमध्ये त्या मजल्यापुढे हिरवी खूण येते. एवढंच काम! आणि हा माणूस काय करतो? पाचही स्टिकरांची झेरॉक्स काढून टेबलाच्या खणात ठेवलीय. शेंगदाणे खात, बसल्या जागी पाच मजले!

आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. चौथ्या मजल्यावरची तांब्याची वायर भिंती फोडून नेली. कधी नेली, कोणालाच पत्ता नाही. ॲपमध्ये सगळं हिरवं. विमावाले म्हणतात, फेऱ्या खऱ्या असतील तरच क्लेम. आम्हाला काम देणारा सेठ म्हणतो, क्लेम गेला तर तुमचं कंत्राट गेलं. म्हणजे अकरा गार्ड आणि मी, सगळे घरी.

"मॅडम, गुडघे गेले जी माहे. पाच मजले नाही चढून होत."

"नाही होत तर घरी बसा!"

सगळ्यांसमोर बोलले. रात्रपाळीचा रुपराव नंतर हळूच म्हणे, "मॅडम, म्हातारा माणूस हाय, एवढं काहून बोलता?" मला नका शिकवू! आठ वर्षं मी ही एजन्सी ओढतेय. कोणी विचारतं का मला, तुझे गुडघे कसे आहेत?

सोमवार, ८ डिसेंबर

नवीन स्टिकर छापून आणले. प्रत्येकाच्या दोन प्रती — एक भिंतीवर, एक माझ्या पर्समध्ये, खराब झालं तर असावी म्हणून. स्वतः पाचव्यापर्यंत चढून चिकटवले. सगळीकडे कबुतरांची घाण, वर लाईट नाही. चौथ्यावर श्वास लागला. तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या वळणावरचा लोखंडी कठडासुद्धा कापून नेलाय! मेल्यांनी जिना तेवढा ठेवला. सेठला कळवायला हवं. या हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत माणूस कधी पाठवेल देव जाणे.

देवरावला खाली येऊन सांगितलं — उद्यापासून एक फेरी चुकली तरी कामावरून बंद. लेखी दिलं. सही घेतली. त्याने कागद चार घड्या करून खिशात ठेवला फक्त. त्या चार घड्यांचाच मला जास्त राग आला.

मंगळवार, ९ डिसेंबर

पळाला!

आज मोर्चामुळे रस्ते बंद, मी गेलेच नाही. रात्री आठ वाजता रुपराव ड्यूटीवर आला तर गेटवर कोणी नाही. देवराव नाही, किल्ल्यांचा जुडगाही नाही. फोन बंद.

ॲप उघडलं. सकाळी अकरा दहाला पहिला मजला, मग दुसरा, अकरा पस्तीसला तिसरा. पुढे काही नाही. म्हणजे नवीन स्टिकरांचीही झेरॉक्स! तीनच निघाल्या असतील, मग कंटाळून घरी. माणूस सुधरत नाही तो नाहीच.

साडेनऊला त्याच्या बायकोचा फोन, सुभद्राबाईचा. "बाई, हे अजून घरी आले नाही जी. कोराडीची बस तं कवाचीच गेली."

"माझ्या पदराला बांधलेत का?" म्हटलं आणि ठेवला. नवरा घरात लपवून बायकोला फोन करायला लावायचं. मला काय काल जन्मलेली समजतात!

बुधवार, १० डिसेंबर

बदली गार्ड मिळाला नाही. गेटवर मीच. सकाळी सातपासून डास, धूळ आणि सेठचे फोन.

जिन्याचं चॅनल गेट सताड उघडं टाकून गेलाय! कोणीही आत शिरलं असतं. ते ओढलं, नवीन कुलूप घातलं. शटरचंही बदललं. कुलपांचे पैसे त्याच्या पगारातून कापणार.

फेऱ्या तर दाखवायलाच हव्यात, विमावाल्याचं लक्ष आहे. परवा चढून माझेच पाय अजून दुखतात. पर्समधल्या प्रती काढल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी काही चोर नाही, मला सगळं माहीत आहे वर काय आहे ते. माझी गोष्ट वेगळी.

सुभद्राबाईचे तीन फोन. उचलले नाहीत.

गुरुवार, ११ डिसेंबर, सकाळ

फेरी टाकली. दुपारी ठाण्यात जाते, किल्ल्या चोरल्याची तक्रार द्यायला. देवरावचं नाव देणार म्हणजे देणारच!

गुरुवार, रात्र

दुपारी बारा वाजता सुभद्राबाई गेटवर आली. भांडेल म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. ती भांडली नाही. म्हणाली, "मंगळवारी निंगताना सांगून गेले जी, आज पाचव्यावर जाऊनच दाखवतो, मंग पाहू मॅडम काय म्हणते. तुम्ही वर पाह्यलं का, बाई?"

मीच घातलेलं कुलूप मीच उघडलं.

कठडा नव्हता, त्या वळणाच्या बरोबर खाली देवराव पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं, मोबाईल फुटलेला, जुडगा कमरेला. श्वास चालू होता. ओठ फुटले होते तहानेने. आता ऑपरेशन चालू आहे. सुभद्राबाई बाकावर बसलीय, माझ्याकडे बघत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "दोन दिवसांत कोणीच वर गेलं नाही?"

ॲपमध्ये काल दोन फेऱ्या, आज एक. पाचही मजले हिरवे. पुढे नाव माझं.