फाल्कनमध्ये आठ सिलिंडर

शनिवार, ६ मे

निघालं! जुनं इंजिन आज बाहेर आलं. सहा सिलिंडर, एकसष्ट वर्षं. साखळीला लटकताना अगदीच केविलवाणं दिसत होतं. आई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. नजरेच्या मधोमध तिला आता काहीच दिसत नाही, कडेकडेनं दिसतं – म्हणून मान तिरकी करून बघत होती.

"गेलं का ते रडकं?"

"गेलं."

"तुझ्या बापाला फार प्रेम त्याचं. म्हणे, टेलिफोन ऑफिसात जायला एवढं पुरे!"

गाडी तिची. लग्नाआधी, स्वतःच्या पगारातून घेतलेली, बासष्ट सालची कोरी फाल्कन. आणि पुढच्याच वर्षी कंपनीनं ह्याच गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन द्यायला सुरुवात केली! बाबा जाऊनही नऊ वर्षं झाली, पण आईचा हा राग अजून ठणठणीत आहे.

रविवार, ७ मे

डोर्सीचा कोलंबसहून फोन. भावाचं तेच पालुपद – आईला वृद्धाश्रमात ठेवू, तिथे नर्स असतात, तू एकटी किती दिवस पुरणार. आईनं माझ्या हातातून फोन ओढला.

"हे बघ, गाडीत मोठं इंजिन बसू दे. तिच्यात बसून एकदा चीट माउंटन चढते. मग तू म्हणशील तिथे येते. शब्द दिला!"

तो हसला. त्याला वाटलं, हे कधी होणारच नाही. मी एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, हे तो नेहमीच विसरतो.

सोमवार, २२ मे

गावातले जुने मेकॅनिक हिंकलकाका नवं इंजिन घेऊन आले. नवं म्हणजे – एका भंगारातल्या मोठ्या गाडीचं. पण त्यांनी आपल्या कारखान्यात सिलिंडर असे काही घासून दिलेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. शहात्तर वर्षांचा माणूस, हात अजून थरथरत नाही. पेपरोनी सॉसेज भरलेले चार पाव खाऊन गेले.

शनिवार, १० जून

बसत नाही!! तेलाचं भांडं खालच्या दांड्याला अडतं. डावीकडचा धुराचा पाइप स्टीअरिंगवर आपटतो. दोन्ही बाजूंना बोट घालायला जागा नाही. दिवसभरात तीनदा आत, तीनदा बाहेर. कोपर सोलवटलं.

हिंकलकाका म्हणाले, "मार्वेला, पोरी, खुराड्यात रेडा कोंबतेयस."

आई खुर्चीतून – "खुराडं माझं, रेडाही माझा. तुम्ही ढकला!"

गुरुवार, २२ जून

वेगळं भांडं मिळालं. पाइप वाकवून घेतला. चाकांना चारऐवजी पाच बोल्ट, ब्रेक मोठे, पुढच्या स्प्रिंगा जाड. इंजिन वाढवलं की गाडीभर सगळंच वाढवावं लागतं.

मंगळवार, ४ जुलै

गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. आम्ही दोघी गॅरेजमध्येच. एक खोकाभर सुटे बोल्ट आईनं नुसते चाचपून लहान-मोठे वेगळे करून दिले. एक चूक नाही! मग भाजलेली कणसं. आई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर असतानाच्या गमती सांगत होती – कोण कुणाला चोरून फोन करायचं, कुणाच्या बायकोला काय कळलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. घटस्फोटानंतर इथे आले तेव्हा वाटलं होतं, आता आयुष्यात नुसतं दिवस ढकलणं उरलं. ह्या उन्हाळ्यात एकही दिवस ढकलला नाही.

शनिवार, २२ जुलै

बसलं. अलगद. शेवटचा बोल्ट गेला तेव्हा हिंकलकाकांनी टोपी काढली. आता किरकोळ कामं उरली – तारा, पाण्याच्या नळ्या, पेट्रोलची नळी. फार तर दोन आठवडे.

दोन आठवडे.

बुधवार, ९ ऑगस्ट

काल लावलेला पाण्याचा पंप आज पुन्हा खोलला. म्हटलं, गळती रोखणारं गॅस्केट नीट बसलं नसेल.

नीट बसलं होतं.

मंगळवार, १५ ऑगस्ट

आज पकडले गेले. जेवणानंतर आई काठी टेकत गॅरेजमध्ये आली. गाडीवर वाकली, आणि बोटं फिरवत बसली. मी पाने-पकडी पुसतेय असं दाखवत होते.

"हा बोल्ट गेल्या आठवड्यात घट्ट होता."

मी दुसरा पाना उचलला.

"हाही. मार्वेला, मला दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत."

"गळती तपासत होते."

"थापा मारू नकोस. मी जाऊ नये असं वाटतं ना तुला?"

सत्तावन्न वर्षांची बाई मी! शेवटी म्हटलं, "हो. नको जाऊस."

"मग तसं तोंडानं बोल की! बोल्टांकरवी कशाला सांगतेस?"

मी रडले. तिनं तेलकट हातांनीच माझं तोंड पुसलं, त्यामुळे आणखीच काळं झालं. मग म्हणाली, "पण डोर्सीला शब्द दिलाय. दिलेला शब्द मी कधी फिरवला नाही. आता घट्ट कर सगळं. डोंगर चढायचाय मला."

घट्ट केलं. सगळं.

शनिवार, २६ ऑगस्ट

गाडी दोनदा खोकली. तिसऱ्यांदा – काय तो आवाज! फळीवरचे डबे थरथरले. शेजारचं कुत्रं घरात पळालं. आईनं बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवले आणि डोळे मिटले. मला बंद करवेना. हिंकलकाका ओरडून काहीतरी सांगत होते, एक अक्षर ऐकू आलं नाही.

रविवार, २७ ऑगस्ट

चढली! चीट माउंटन, दुसरा गिअर, कुठेही धाप नाही. ह्याच वळणावर बाबा गाडी तापली म्हणून मागे फिरवायचे. आई काच खाली करून, मान तिरकी करून बसलेली, केस विस्कटलेले.

"दाब ना! घाबरतेस कशाला?"

दाबलं. ती अशी किंचाळली की मला वाटलं, छातीत दुखलं की काय. हसत होती.

माथ्यावर थांबलो. मला निळ्या डोंगररांगा दिसत होत्या, तिला नुसता कडेचा उजेड. मग म्हणाली, "डोर्सीला कळव. शनिवारी ये म्हणावं."

शुक्रवार, १ सप्टेंबर

तिची बॅग भरली. दोन स्वेटर, औषधं, रेडिओ. ती सूचना देत होती, मी घड्या घालत होते. भांडलो नाही.

शनिवार, २ सप्टेंबर

डोर्सी आला. एकटाच. आईची बॅग उचलली नाही. स्वतःच्या दोन बॅगा डिकीतून काढून पायरीवर ठेवल्या आणि तिथेच बसला. एप्रिलमध्ये बायको सोडून गेली म्हणे. त्या घरात आता राहवत नाही. वरची खोली रिकामी आहे का?

आईनं काही विचारलं नाही. म्हणाली, "हात धू, जेवायला बस." मग माझ्याकडे वळून – "माझी बॅग परत आत ठेव. म्हातारी पोरं दोन-दोन घरी आलीत. मी आता कुठे जातेय?"

डोर्सीच म्हणाला, "आई, शब्द?"

"तुला दिला होता ना? मग तूच सोड मला त्यातून."

त्यानं सोडलं.